मॉरिस मायनर ट्रॅव्हलर (१९६७) विक्रीला : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची ट्रॅव्हलर विकायची आहे हे कळल्यापासून कॉव्हेंट्री, लेस्टर, लंडनच्या मराठी मंडळींकडून चौकशा येत आहेत आणि पुण्या-मुंबईहूनही येत आहेत. बहुतेकांचे प्रश्न सारखेच असतात, त्यामुळे उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवली आहेत. गाडी घ्यायची नसली, नुसतं कुतूहल असलं, तरीही वाचा. अशी दुसरी एखादी ट्रॅव्हलर पुढे-मागे घ्यायची झाली, तर यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

ही गाडी नेमकी कोणती?

मॉरिस मायनर १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्टमधल्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. तिचे रचनाकार ॲलेक इसिगोनिस. पुढे १९५९ मध्ये आलेली मिनी हीदेखील त्यांचीच. मायनरचा नमुना तयार झाल्यावर ती अरुंद दिसते म्हणून इसिगोनिस यांनी तो मधोमध उभा कापून घेतला आणि दोन भागांमध्ये चार इंच वाढवले. बॉनेटवर मधून जाणारी सपाट पट्टी त्या निर्णयाची खूण आहे. आमच्या गाडीतही ती ठळक दिसते.

ट्रॅव्हलर म्हणजे मायनरची इस्टेट, मागे सामानाला ऐसपैस जागा असलेली. ती १९५३ च्या ऑक्टोबरात आली आणि १९७१ पर्यंत बनत राहिली, म्हणजे साध्या सलून मायनरनंतरही काही महिने. या काळात दोन लाखांहून अधिक ट्रॅव्हलर बनल्या. आमची गाडी १९६७ ची, १०९८ सीसी इंजिनाची, आमंड ग्रीन या मूळ रंगातली आहे.

लाकूड शोभेचं आहे की खरं?

खरं आहे, आणि गाडीचा मागचा अर्धा भाग त्याच्यावरच उभा आहे. या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

त्या काळी इस्टेट गाड्यांना लाकडाचा साज चढवण्याची पद्धत होती. अमेरिकेत तर लाकडासारखी दिसणारी प्लास्टिकची पट्टी चिकटवत. मिनी ट्रॅव्हलरवरचं लाकूडही वरून लावलेलं असायचं. ते काढून टाकलं तरी गाडीला काही होत नाही. मायनर ट्रॅव्हलरमध्ये तसं नाही. पुढच्या दारांपर्यंतचं अंग साध्या मायनरसारखं पोलादी पत्र्याचं, पण तिथून मागे ॲशच्या लाकडाची चौकट सुरू होते. ती बोल्टांनी खालच्या पत्र्याला जखडलेली असते. खिडक्या, मागची दोन दारं, ॲल्युमिनियमचे पत्रे आणि छत हा सगळा भार ती चौकट पेलते. चौकट कुजली की मागची दारं खाली ओघळतात, खिडक्या अडकायला लागतात, वळणावर मागून करकर ऐकू येते. कुजकं लाकूड म्हणजे या गाडीचा मोडका सांगाडाच. म्हणून ब्रिटनमधल्या वार्षिक तपासणीत, म्हणजे एमओटीत, एवढ्या एका कारणावरून ट्रॅव्हलर नापास होऊ शकते.

ॲश हे चिवट आणि लवचीक लाकूड. ब्रिटनमध्ये हातोड्याचे दांडे आणि क्रिकेटचे स्टंप त्याचे करतात. धक्के ते उत्तम सोसतं, पण सतत ओलं राहिलं की लवकर कुजतं. त्यामुळे ट्रॅव्हलरचं आयुष्य ठरतं ते पाणी कुठे साचतं आणि किती वेळ साचून राहतं यावर.

मग लाकडाचं काय काम केलंत?

दोन्ही बाजूंच्या चौकटी, मागची आडवी पट्टी आणि दोन्ही मागच्या दारांच्या चौकटी पूर्ण नव्या आहेत. जुन्यातलं काही वाचवता आलं असतं तर आनंद झाला असता. पण मागच्या चाकावरच्या कमानीचे तुकडे आणि खिडकीखालच्या पट्ट्या आतून पोकळ झाल्या होत्या. एक नवा तुकडा जुन्या मऊ तुकड्याला जोडला तर सांधा धरत नाही. त्यामुळे ठिगळं लावायची नाहीत, असं आम्ही ठरवलं.

ट्रॅव्हलरचे साचेबंद लाकडी भाग ब्रिटनमध्ये अजून तयार मिळतात. पण ते आणले आणि बसवले इतकं ते सोपं नसतं. आधी खालचा पत्रा सरळ आणि पक्का हवा, कारण चौकट त्याच्यावर बसते. तो वाकडा असेल तर वरची प्रत्येक रेषा वाकडी जाते. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त सुतारांनी सगळे सांधे आधी कोरडे बसवून पाहिले, दारं लावून पाहिली, काचा सरकवून पाहिल्या, आणि मगच सरस लावला. प्रत्येक तुकड्याच्या कापलेल्या टोकाला बसवण्याआधी संरक्षक द्रव पाजला. लाकूड पाणी पितं ते तिथूनच, आणि एकदा गाडी जोडली गेली की तिथे ब्रश पोहोचत नाही.

वरून जाड, चकचकीत वार्निश दिलेलं नाही. पहिल्या वर्षी ते सुरेख दिसतं. मग त्याला बारीक तडा जातो, पाणी आत शिरतं, बाहेर पडत नाही आणि लाकूड आतल्या आत काळं पडतं. आम्ही लाकडाला श्वास घेऊ देणारा, पातळ थरांचा लेप वापरला आहे. झळाळी कमी दिसते, ती मुद्दामच कमी ठेवली आहे.

खिडक्यांच्या खाचेत शेवाळ येतं हे खरं का?

खरं आहे. मागच्या सरकत्या काचा ज्या खाचेत बसतात तिथे पाणी, धूळ आणि पानांचा चुरा साचतो, आणि इंग्लंडच्या हवेत तिथे हिरवं शेवाळ धरतं. लोक कौतुकाने त्याचे फोटो काढतात. आम्हाला मात्र ते दिसलं की धडकी भरते, कारण ज्या खाचेत शेवाळ जगतं तिच्याखालचं लाकूड ओलं असतं. खाचेतली पाणी जाण्याची भोकं बारीक तारेने मोकळी ठेवावी लागतात. आमच्या गाडीत खाचा आणि त्यातलं अस्तर नवं आहे. तुम्ही ते स्वच्छ ठेवलंत तर नवी चौकट दीर्घकाळ टिकेल.

पत्र्याचं काय? गंज किती होता?

बराच होता. मायनरला वेगळी चॅसी नाही. पत्र्याचा खोकाच सगळं तोलतो. त्यामुळे गंज कुठे आहे याला फार महत्त्व येतं. आम्ही दारांखालच्या आतल्या-बाहेरच्या पट्ट्या, पुढच्या सीटखालच्या आडव्या तुळईची दोन्ही टोकं, मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा बदलला आहे. गंजलेला भाग निरोगी पत्रा लागेपर्यंत कापून नव्याचं अखंड वेल्डिंग केलं आहे. जुन्यावर नवा पत्रा डकवणं आणि वरून काळा लेप फासणं हा प्रकार कुठेही नाही.

कामाचे फोटो क्रमवार ठेवले आहेत. गाडी बघायला आलात की ते आधी पाहा, मग गाडी पाहा. रंग झाल्यावर सगळ्याच गाड्या चांगल्या दिसतात.

इंजिन आणि गिअरबॉक्स?

इंजिन म्हणजे प्रसिद्ध ए-सिरीज, ४८ अश्वशक्तीचं. पूर्ण उघडून नव्याने बांधलं आहे. सिलिंडर बोअर करून नवे पिस्टन घातले, बेअरिंगं बदलली, ऑइल पंप बदलला. गिअर चार. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गाडी चालू असताना गिअर अलगद पडण्याची सोय, नाही. तो गाडी पूर्ण थांबल्यावरच टाकायचा, किंवा जुन्या पद्धतीने दोनदा क्लच दाबून.

उतारावर पाय काढलात की सायलेन्सरमधून एक फुरफुर ऐकू येते. काही तुटलेलं नाही, मायनरचा तो स्वभाव आहे. इंग्लंडमध्ये वयस्कर माणसं त्या आवाजाने रस्त्यात थांबून मागे वळतात आणि मग आपल्या आई-वडिलांच्या गाडीबद्दल बोलायला लागतात. गाडी विकल्यावर आम्हाला सगळ्यात जास्त याचीच आठवण येईल.

पुढचं चाक निखळतं असं ऐकलं. हे कितपत खरं?

खरं आहे आणि गंभीर आहे. मायनरच्या पुढच्या प्रत्येक चाकाचा उभा खांब वर आणि खाली आट्यांच्या सांध्यात फिरतो. त्या सांध्याला ट्रनियन म्हणतात. त्यांना वेळेवर ग्रीस मिळालं नाही की आटे झिजतात, आणि खूप झिजले की सांधा सुटून चाक आडवं पडतं. बऱ्याचदा हे मंद वेगात, गाडी लावताना घडतं, पण त्यावर विसंबून राहता येत नाही.

आमच्या गाडीत दोन्ही बाजूंचे खांब आणि ट्रनियन बदललेले आहेत. पुढे तुमच्याकडे एक ग्रीस गन हवी आणि दर हजार मैलांना तिचा वापर करण्याची सवय हवी. हे काम कोणालाही जमतं. फार तर अर्ध्या तासाचं. जो माणूस "वर्षातून एकदा गॅरेजला दाखवीन" म्हणतो, त्याने ही गाडी घेऊ नये असं आम्ही स्पष्ट सांगतो.

ब्रेक कसे आहेत?

चारही चाकांना ड्रम. मूळ रचना तशीच ठेवून सगळं नवं घातलं आहे. सर्किट एकच आहे, पायाचा जोर वाढवणारा सर्व्हो नाही, म्हणून पाय जोरात दाबावा लागतो आणि पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवावं लागतं. ब्रेकचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, पत्र्याच्या पोटात असतो. तेलाची पातळी बघायला गालिचा उचलून झाकण काढावं लागतं. त्यामुळे तिकडे दुर्लक्ष होतं. तुम्ही ते होऊ देऊ नका.

मूळ गाडीपेक्षा काय काय बदललं आहे?

डायनामोच्या जागी अल्टरनेटर आहे, आणि त्यासाठी वायरिंग निगेटिव्ह अर्थचं, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं, केलं आहे. (मूळ गाडी पॉझिटिव्ह अर्थची होती. जुनं माहितीपुस्तक हातात धरून बॅटरी जोडायला जाल तर घोटाळा होईल, म्हणून बॉनेटखाली तशी चिठ्ठी लावली आहे.) इग्निशन इलेक्ट्रॉनिक आहे. टायर रेडियल आहेत. इंजिनाच्या हेडमध्ये कठीण व्हॉल्व्ह सीट आहेत. पुढे-मागे सीटचे पट्टे (सीट बेल्ट) आहेत.

डिस्क ब्रेक, पाच गिअरचा बॉक्स, मोठं इंजिन असं काही घातलेलं नाही. पुष्कळ लोक घालतात आणि त्यात गैर काही नाही. आम्हाला गाडी १९६७ मध्ये जशी चालत होती तशीच चालायला हवी होती.

खरी ट्रॅव्हलर आहे, हे कशावरून?

बॉनेटखालच्या पाटीवरच्या क्रमांकाची सुरुवात 'एमएडब्ल्यू ५' अशी आहे. यातला डब्ल्यू ट्रॅव्हलरचा. पाटीवरचा आणि लॉगबुकातला क्रमांक जुळतो. कोणतीही जुनी गाडी घेताना हे स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहा.

रोज वापरता येईल का? मोटरवेवर चालेल का?

रोज चालेल, पण रोज पावसात उभी राहील अशी नको. ५० ते ५५ मैलांच्या वेगात ती खुशीत असते. साधारण ७५ पर्यंत जाते, पण तिथे इंजिनाचा गोंगाट होतो आणि तुमचा जीव टांगणीला लागतो. मोटरवेवर डावीकडच्या लेनमधून ट्रकच्या मागे जायची तयारी असेल तर अडचण नाही. तिचं खरं सुख गावांमधल्या रस्त्यांवर आहे. स्टेअरिंग रॅक-अँड-पिनियन पद्धतीचं, अगदी हलकं आणि अचूक. त्या काळच्या या किमतीच्या गाड्यांमध्ये असं स्टेअरिंग दुर्मीळ होतं. वळणदार रस्त्यावर एकदा चालवलीत की इसिगोनिस यांचं मोठेपण लगेच कळतं.

आकाराने ती आजच्या मारुती स्विफ्टपेक्षाही थोडी आखूड आणि बरीच अरुंद आहे. तरी मागची सीट पुढे दुमडली की सपाट जागा होते. आम्ही त्यातून गणपतीची आरास, सतरंज्या, मोठी पातेली आणि चुलतभावाचा तबला-डग्गा एका खेपेत हॉलवर नेला आहे.

लहान मुलांना नेता येईल का?

ब्रिटनच्या नियमानुसार, पट्टे नसलेल्या जुन्या गाडीत तीन वर्षांखालच्या मुलांना नेता येत नाही आणि त्याहून मोठ्यांना फक्त मागे बसवता येतं. या गाडीत मागे पट्टे आहेत, पण ते कमरेचे आहेत. तुमची बाळाची सीट तशा पट्ट्यावर बसते का, हे घेण्याआधी सीट आणून बघा.

पेट्रोल कोणतं?

शिशाचं पेट्रोल ब्रिटनमध्ये २००० पासून सर्वसाधारण विक्रीतून गेलं. कठीण व्हॉल्व्ह सीट असल्यामुळे या गाडीला त्याची गरज नाही. मात्र २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल ई१० झालं, म्हणजे त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचे भाग त्याने खराब होतात. आम्ही नळ्या बदलल्या आहेत, तरी महागडं, कमी इथेनॉलचं ई५ च घालतो. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणार असाल तर तुम्हीही तेच घाला. गॅलनला ३५ ते ४० मैल जाते, म्हणजे लिटरला साधारण १२ ते १४ किलोमीटर.

रोड टॅक्स, एमओटी आणि लंडनचं प्रदूषण शुल्क?

चाळीस वर्षांवरच्या गाडीला ऐतिहासिक वाहन म्हणून टॅक्स शून्य. शून्य असला तरी दरवर्षी नोंद करावी लागते. २०१८ पासून अशा गाड्यांना, मोठे फेरफार केलेले नसतील तर, एमओटीतूनही सूट आहे. लंडनच्या यूलेझ शुल्कातूनही ऐतिहासिक वर्गातली गाडी सुटते.

एमओटीची सूट आम्ही कधी घेतलेली नाही आणि तुम्हीही घेऊ नये असं वाटतं. ज्या गाडीत लाकूड आणि ट्रनियन दोन्ही आहेत, ती वर्षातून एकदा परक्या, अनुभवी डोळ्यांनी खालून बघितलेली बरी. विमा क्लासिक गाड्यांचा घ्या, आणि कंपनीशी गाडीची किंमत आधीच लेखी ठरवून घ्या. नाहीतर अपघातानंतर ती तुमच्या हातावर नुसत्या जुन्या गाडीचे पैसे ठेवेल.

सुटे भाग मिळतात का?

जवळजवळ सगळे मिळतात, आणि आधुनिक गाडीच्या मानाने स्वस्त. मायनर हे दहा लाखांचा टप्पा ओलांडणारं पहिलं ब्रिटिश मॉडेल, आणि डर्बीतला मॉरिस मायनर मालकांचा क्लब आजही जोमात आहे. सभासद व्हा. माहिती, ओळखी आणि हात लावायला तयार असलेली माणसं तिथे मिळतात.

ॲम्बेसेडरचे भाग हिला चालतील का?

हा प्रश्न फक्त आपल्याच लोकांकडून येतो आणि आवडतो. ॲम्बेसेडर ही मॉरिस ऑक्सफर्डपासून आली, मायनरपासून नाही. नातं आहे, पण चुलत घरचं. तिचं जुनं इंजिन मोठ्या बी-सिरीजचं, हिचं ए-सिरीजचं. पुढच्या चाकांना टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे) ही कल्पना दोघींत सारखी आहे, भाग मात्र एकमेकींना लागत नाहीत. भारतात मायनरही होती. हिंदुस्थान मोटर्सने ती 'बेबी हिंदुस्थान' नावाने काढली होती. तुमच्या आजोबांच्या फोटोत छोटी गोलमटोल गाडी असेल तर नीट बघा, ती असू शकेल.

ही गाडी भारतात नेता येईल का?

गाडी उजव्या स्टेअरिंगची आहे, एवढी एक गोष्ट सोपी. बाकी सगळं सांभाळून. जुन्या गाड्यांच्या आयातीचे नियम परकीय व्यापार महासंचालनालय ठरवतं आणि ते बदलत राहतात. जकात मोठी असते. पैसे देण्याआधी मुंबईच्या कस्टम एजंटकडून सगळा हिशेब लेखी घ्या. आम्ही कागदपत्रांची मदत करू, परवान्याची हमी देणार नाही.

नोंदणीचं म्हणाल तर, २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होते. तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो आणि नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच.

आणि आता लाकडाचं. ॲशला वाळवीपासून स्वतःचं संरक्षण नसतं. पुण्या-नाशकात, पक्क्या फरशीच्या बंद गॅरेजमध्ये, वाळवीचा बंदोबस्त करून ती राहू शकेल. रत्नागिरीला किंवा गोव्यात चार महिने पावसाळी हवेत ठेवायची असेल तर आम्ही तुम्हाला ही गाडी देणार नाही. तुमच्याकडे पैसे असले तरीही. तिथे साधी पोलादी मायनर ठेवा, ती गंजेल पण दुरुस्त होईल.

किंमत किती, आणि का विकताय?

१२,७५० पौंड. एवढ्यात लाकूड, पत्रा आणि इंजिनाचा खर्चही भरून निघत नाही. मजुरी तर धरलेलीच नाही. थोडी घासाघीस चालेल, हप्ते चालणार नाहीत.

विकायचं कारण म्हणजे आई-बाबा कायमचे आमच्याकडे राहायला येत आहेत. गॅरेजची त्यांच्यासाठी खालच्या मजल्यावरची खोली होणार आहे. गाडी बाहेर उभी ठेवणं शक्य आहे, पण दोन हिवाळ्यांत सगळ्या कामावर पाणी फिरेल. त्यापेक्षा छप्पर असलेल्या घरी ती जावी.

बघायला येताना काय आणू?

टॉर्च, जुने कपडे आणि शक्य असेल तर मायनर ओळखणारा माणूस. पाऊस पडून गेलेला दिवस निवडा. त्या दिवशी सांध्यांतली ओल लपत नाही. लाकडावर, विशेषतः मागच्या चाकाच्या कमानीवर आणि दारांच्या तळाशी, अंगठा जोरात दाबून पाहा. सांध्यापाशी काळी रेघ दिसते का बघा. मागची दोन्ही दारं उघडून सोडून द्या आणि पुन्हा लावा, ती उचलावी लागता कामा नयेत. गाडीखाली झोपून पाट्यांचे हँगर बघा; चटई आम्ही देतो. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवून पाहा.

इंजिन थंड असतानाच या. आधी गरम करून ठेवलेलं इंजिन सुरू होण्याचा त्रास लपवतं, म्हणून तुम्ही येईपर्यंत आम्ही किल्लीला हात लावणार नाही. चालवून बघायची असेल तर तुमच्या विम्यात ही गाडी त्या दिवसापुरती घालून घ्या आणि लायसन्स आणा. चहा होईल, घाई करू नका.